परत न येणारे गिऱ्हाईक

साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना उंब्रज लागते. तारळी नदी इथे कृष्णेला येऊन मिळते. एका अंगाला चाफळचा रस्ता फुटतो, दुसऱ्या अंगाला मसूरचा, आणि मधून पुणे-बंगळूर हायवे जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि तो ४८ झाला. क्रमांक बदलला तरी रस्त्याकाठचा धंदा बदलला नाही. हायवेच्या गावात दोन तऱ्हेचे गिऱ्हाईक येते. एक आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे, जे आठवड्याच्या बाजाराला पुन्हा भेटणार असते. दुसरे रस्त्यावरून जाणारे, जे एकदा निघाले की जन्मात पुन्हा दिसत नाही. या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी कसे वागावे, हा या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न जुनाच आहे. पण आपल्या समाजातले कितीतरी हात रोज गॅरेजात काळे होतात, म्हणून तो आपल्याला जरा जास्तच जवळचा आहे.

२००६ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमान नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर इतरांहून अधिक प्रमाणात जगतात, हे त्या अहवालाने आकड्यांनिशी दाखवले. आणि त्या धंद्यांत वाहनदुरुस्तीही आहे. आकडे नसते तरी आपल्याला ते ठाऊक होते. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत कुठेही गाडी बंद पडू द्या. मिस्त्री, वायरमन, पंक्चरवाला यांतला एखादा तरी शेख, मुल्ला, मुजावर, नदाफ किंवा शिकलगार निघतोच. आजोबा-पणजोबांपैकी कोणी हत्यारांना धार लावली, कोणी कापूस पिंजला, आणि नातवाच्या हाती पान्हा आला.

त्या आजोबांच्या काळी गाव आणि कारागीर यांच्यात बलुत्याचा करार होता. लोहार, सुतार, चांभार यांच्या बरोबरीने मुलाणीही बलुत्यात होता. त्या व्यवस्थेतला अन्याय आपण विसरता कामा नये. जात जन्माने चिकटत होती आणि धान्य देणाऱ्याचा हात नेहमी वरच राहत होता. पण तिच्यात एक गोष्ट आपोआप घडत होती. लोहाराने नांगराचा फाळ कच्चा लावला तर तो पहिल्या नांगरटीलाच कळायचा आणि तोच शेतकरी संध्याकाळी दारात उभा राहायचा. फसवणूक टिकायला जागाच नव्हती. कारागिराच्या प्रामाणिकपणाची राखण सारे गाव करीत होते.

हायवेने ही राखण काढून टाकली. आता माणूस परक्या जिल्ह्यातला, गाडीचा नंबर परक्या राज्यातला, वेळ संध्याकाळची, गाडीत बायको-मुले, आणि बॉनेटखाली काय आहे याची त्याला गंधवार्ता नाही. इथे मिस्त्री जे सांगेल ते सत्य. एवढी सत्ता साताऱ्याच्या कलेक्टरालाही आपल्या जिल्ह्यात नसेल.

उदाहरण आम्ही मुद्दाम अवघड घेतो. ट्रक आणि ट्रॅक्टर आपल्याकडच्या मिस्त्रीच्या रोजच्या ओळखीचे. तिथे गिऱ्हाईकही अर्धा मिस्त्री असते. पण समजा, एखादी जुनी स्पोर्ट्स कार उंब्रजच्या अलीकडे बंद पडली. अशी गाडी आपल्या भागात फक्त परदेशातूनच आलेली असेल असे मानायचे कारण नाही. गोव्यात १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी गाडी तयार होऊ लागली. अंग फायबरचे, इंजिन रेनोचे ११४९ सीसीचे. आता ती बनत नाही, पण हौशी लोकांनी जपलेल्या काही गाड्या आहेत. अशी गाडी गोव्याहून पुण्याला निघाली तर तिच्या वाटेवर उंब्रज येऊ शकतेच.

गाडी चालता चालता बंद पडते. सेल मारला की इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. बॅटरी चांगली, पेट्रोल आहे. दोष अनेक असू शकतात. त्यातला एक अगदी किरकोळ दिसणारा असतो, तो म्हणजे रिलेचा.

रिले ही काड्यापेटीहून लहान डबी. आत तांब्याच्या तारेचे एक वेटोळे आणि एक हलणारी पट्टी. वेटोळ्यातून अगदी थोडी, अँपिअरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी वीज गेली की त्याचे लोहचुंबक होते, ते पट्टीला ओढते, आणि त्या पट्टीतून तीस-चाळीस अँपिअरपर्यंतची मोठी वीज वाहू शकते. म्हणजे किल्लीने हलकासा हुकूम द्यायचा आणि भार रिलेने वाहायचा. डबीच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ हुकमाचे, ३० वर वीज येते, ८७ वरून पुढे जाते. इंजेक्शनच्या गाडीत असाच रिले इंजिनच्या संगणकाला आणि पेट्रोलच्या पंपाला वीज देतो. तो गेला की पंप मुका, संगणक मुका, आणि लाखांची गाडी रस्त्याच्या कडेला लाकडाच्या ओंडक्यासारखी.

तो जातोही मोठ्या लबाडीने. आतले सोल्डरिंग वर्षानुवर्षे तापते, निवते, आणि त्याला केसाएवढी चीर पडते. गरम झाले की चीर उघडते, गाडी बंद पडते; अर्धा तास थांबले, गार झाले, की गाडी पुन्हा सुरू. जर्मनीच्या पोर्शे कंपनीची ९४४ ही गाडी १९८२ ते १९९१ या काळात बनली. तिच्या इंजिनाचा रिले या दुखण्यासाठी इतका प्रसिद्ध आहे की ती गाडी बाळगणारे लोक एक जादा रिले गाडीतच ठेवतात. एवढ्या नामांकित यंत्राचा जीव एवढ्याशा डबीत अडकतो.

आता मिस्त्रीसमोर तीन वाटा आहेत. पहिली, तोंड वाकडे करून म्हणायचे, 'साहेब, कॉम्प्युटर उडाला.' मग गाडी टोचन करून आत घ्यायची, दोन दिवस ठेवायची, रिले बदलायचा आणि हजारोंचे बिल करायचे. दुसरी वाट अंदाजाची. आधी पंप बदलून बघू, मग प्लग, मग वायरिंग. कुठेतरी लागेलच, आणि लागेपर्यंतचा खर्च गिऱ्हाइकाचा. तिसरी वाट म्हणजे टेस्ट-लॅम्प हातात घ्यायचा, ३० वर वीज आहे का, ८५-८६ ला हुकूम येतो का, ८७ वर वीज निघते का, हे क्रमाने पाहायचे आणि दोष नेमका पकडायचा. साधा रिले असेल तर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बदलायला पाच मिनिटे.

पहिली वाट उघड लबाडीची आहे, तिच्याविषयी वाद नाही. दुसरी मात्र फसवी आहे. तिच्यात खोटे बोलणे नाही, पण आपल्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून भरणे आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस दियारबकरच्या दरबारात काम करणारा अल-जझरी हा यंत्रकार आपल्याला आठवतो. १२०६ मध्ये पुऱ्या झालेल्या आपल्या यंत्रविषयक ग्रंथात त्याने करून पाहण्यावर फार भर दिला. पडताळून न पाहिलेली यंत्रविद्या खऱ्या-खोट्याच्या मध्येच राहते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. पडताळणी ही अशा रीतीने आधी नीतीची बाब आहे आणि मग हुन्नराची. जो मिस्त्री मोजल्याशिवाय भाग बदलतो तो न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देतो.

तिसऱ्या वाटेने जाणाऱ्यापुढेही प्रश्न संपत नाहीत. खरे तर तिथूनच ते सुरू होतात. पाच मिनिटांच्या कामाचे आणि दोनशे रुपयांच्या डबीचे किती घ्यायचे?

गिऱ्हाईक म्हणते, पाच मिनिटे लागली, पन्नास रुपये घ्या. मिस्त्री मनात म्हणतो, पाच मिनिटे लागावीत म्हणून वीस वर्षे लागली. आमच्या मते इथे मिस्त्रीची बाजू खरी आहे. तो विकतो ते डबी बसवण्याचे श्रम नव्हेत; डबीच गेली आहे, पंप नाही, संगणक नाही, हे ओळखण्याचे ज्ञान तो विकतो. त्याने गिऱ्हाइकाचे हजारो रुपये आणि दोन दिवस वाचवले. त्याची रास्त मजुरी मागताना त्याने शरमायचे कारण नाही. उलट आपल्याकडे शोधण्याच्या कामाला मोल मिळत नाही म्हणूनच कित्येक भले मिस्त्री पार्टच्या किमतीत मजुरी लपवतात. दोनशेची वस्तू आठशेला लावतात आणि मजुरी 'काही नको, चहापाण्याचे द्या' म्हणतात. एकूण रक्कम रास्त असते, पण ती सांगण्याची तऱ्हा खोटी असते. खोटे एकदा दुकानात शिरले की ते रास्त रकमेपाशी थांबत नाही.

आपल्या फिकहच्या जाणकारांनी या गुंत्याचा बारीक विचार केला आहे. कामाची ठरवून मजुरी घेणे हा इजाऱ्याचा करार. काम फत्ते झाले तरच पैसे, हा जुआलाचा करार. गॅरेजातले 'गाडी चालू झाली तर द्या' हे वाक्य त्याच जातीचे. देशावर आपण बहुतेक हनफी, त्यांनी या दुसऱ्या कराराकडे साशंकतेने पाहिले. कुंभार्ली घाट उतरला की कोकणातले आपले शाफई बांधव, त्यांच्या इमामांनी तो मान्य केला. पण दोघांच्याही मुळाशी एकच आग्रह आहे, तो म्हणजे कशाचे पैसे चालले आहेत हे दोन्ही बाजूंना उघड असावे. आणखी एक शब्द फिकहमध्ये आहे, मुस्तरसिल. भाव माहीत नसलेला, घासाघीस न येणारा, आपला सारा भार विक्रेत्याच्या शब्दावर टाकणारा माणूस. अशाला भरमसाट भाव लावला गेला तर सौदा मोडण्याचा हक्क त्याला हंबली पंथाने दिला आहे. हायवेवर अडकलेला मोटारवाला याहून वेगळा कोण असतो? त्याच्या अंगावरचे कपडे उंची असतील, पण त्या घटकेला तो मुस्तरसिलच.

यावर गॅरेजात नेहमी ऐकू येणारे उत्तर असे: 'त्याला काय कमी आहे?' ज्याची हौसेची गाडीच इतक्या लाखांची, त्याच्या खिशातून दोन हजार जादा गेले तर त्याला मुंगी चावल्याएवढेही नाही. इकडे मात्र पोरांच्या शाळेची फी निघते. हे उत्तर आम्ही हसून उडवून देणार नाही. त्यामागे एक खरी जखम आहे. जगातली संपत्ती न्यायाने वाटलेली नाही हे कोण नाकारील? पण तो अन्याय मिटवण्याचा मार्ग हा नाही, कारण लबाडीला श्रीमंत-गरीब कळत नाही. सकाळी स्पोर्ट्स कारवाल्याला 'कॉम्प्युटर उडाला' म्हणून सांगणारी जीभ दुपारी उसाच्या ट्रॅक्टरवाल्यालाही तेच सांगते. शिवाय श्रीमंतावर हक्क आहे तो जकातीचा, कराचा, रास्त मजुरीचा. तो उघडपणे मागावा. चोरून घेतला की आपणच आपला हक्क चोरीच्या खात्यात जमा करतो.

इमाम गजाली यांनी 'इह्या' या ग्रंथात रोजीरोटीच्या प्रकरणात बसऱ्याच्या यूनुस इब्न उबैद या कापडव्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. त्याच्या दुकानात काही वस्त्रे चारशे दिरहमची होती, काही दोनशेची. तो नमाजाला गेला आणि पुतण्याला दुकानात बसवून गेला. एक बदू आला, त्याने चारशेचे वस्त्र मागितले. पुतण्याने दोनशेतले दाखवले. बदूला ते आवडले, त्याने राजीखुशीने चारशे मोजले आणि चालता झाला. वाटेत त्याला यूनुस भेटला. वस्त्र त्याने ओळखले, किंमत विचारली आणि म्हणाला, हे दोनशेहून अधिकचे नाही, परत चल. बदू म्हणाला, आमच्या मुलखात याचे पाचशे येतील, मी खूश आहे. तरी यूनुसने त्याला परत नेऊन दोनशे हातावर ठेवले आणि पुतण्याला चांगलेच खडसावले. पुतण्या म्हणाला, त्याने राजीने घेतले. यूनुसने विचारले, जे तू स्वतःसाठी पसंत केले असतेस तेच त्याच्यासाठी का केले नाहीस?

या हकीकतीत हायवेचे सारे काही आहे. परक्या मुलखाचा वाटसरू, परत न येणारे गिऱ्हाईक, राजीखुशीने मोजलेले पैसे, आणि दुकानात शिकणारा पोरगा. हा पोरगा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. गॅरेजात उस्तादाच्या पायापाशी बसलेला बारा-पंधरा वर्षांचा मुलगा पान्ह्यांचे नंबर जितक्या लवकर शिकतो, त्याहून लवकर तो शिकतो ते उस्ताद गिऱ्हाइकाची पाठ फिरल्यावर काय म्हणून हसतो ते. (त्या वयात त्याने शाळेत असायला हवे, हे वेगळे दुःख आहे.) गिऱ्हाईक परत येणार नाही, पण हा पोरगा उद्याही इथेच आहे, आणि परवा त्याचे स्वतःचे गॅरेज असेल.

पैशाहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. हायवेवर योग्य रिले लगेच मिळतोच असे नाही. तेव्हा जाणता मिस्त्री काय करतो? रिलेचे डबडे उघडून चिरलेले सोल्डरिंग पुन्हा करतो, किंवा हॉर्नचा सारखाच रिले काढून इंजिनाच्या जागी लावतो. हॉर्न नाही वाजला तरी पुण्यापर्यंत हळू जाता येते. पण तिसराही एक उपाय आहे. रिले काढून टाकायचा आणि ३० व ८७ या दोन भोकांत तारेचा तुकडा घालायचा. गाडी तत्काळ सुरू. गिऱ्हाईक खूश, मिस्त्रीची वाहवा.

या तारेत धोका आहे. इंजिन थांबले की पेट्रोलचा पंप बंद करण्याचे काम संगणक रिलेमार्फतच करतो. अपघात होऊन इंजिन बंद पडले तर पंप थांबावा, फुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहत राहू नये, यासाठी ती सोय आहे. तारेने ती सोय जाते. इंजिन थांबले तरी पंप पेट्रोल ढकलतच राहतो. पातळ तार असेल तर ती स्वतः तापते, आणि बुडखा वितळायला लागतो. फायबरच्या अंगाच्या गाडीत आग लागली तर काय होईल, हे सांगायला नको. रात्रीच्या वेळी अगदीच नाइलाज असेल तर गाडी जवळच्या सुरक्षित जागी नेण्यापुरती अशी तार घालण्याची पाळी येईलही. पण मग ती तार आहे, ती धोक्याची आहे आणि ती पहिल्या मुक्कामाला काढलीच पाहिजे, हे गिऱ्हाइकाला तोंडाने आणि कागदावर सांगणे फर्ज होते. न सांगता घातलेली तार म्हणजे वाळक्या धान्याखाली लपवलेले ओले धान्य.

ती हदीस आपल्यापैकी सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. पैगंबरसाहेबांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. म्हणजे भिजवण्यात त्याचा काही दोष नव्हता. दोष होता ते ओले खाली ठेवण्यात, लोकांना दिसेल असे वर न ठेवण्यात. मिस्त्रीच्या बाबतीतही असेच आहे. योग्य पार्ट न मिळणे हा त्याचा गुन्हा नाही. जुगाड करणे हाही नेहमीच गुन्हा नाही. जुगाड खाली लपवणे हा गुन्हा आहे.

कारागिराच्या हाती दिलेली वस्तू ही अमानत की जबाबदारी, यावर फुकहांमध्ये मोठा वाद झाला. इमाम अबू हनीफा म्हणाले, कारागिराचा हात अमानतदाराचा आहे. त्याचा कसूर नसताना वस्तू गेली तर भरपाई त्याच्याकडून घेऊ नये. त्यांचेच दोन मोठे शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांनी उलट मत दिले. सर्वत्र पसरलेल्या आगीसारखे टाळता न येणारे संकट सोडले तर कारागिराने भरपाई द्यावी. इमाम मालिकही कारागिराला जबाबदार धरतात, आणि हजरत अलींचे नाव या मताशी जोडले जाते. कारण व्यवहारी आहे: असे केल्याशिवाय लोकांचे व्यवहार ठीक चालणार नाहीत. गुरूंनी कारागिराच्या अंतःकरणावर विश्वास ठेवला, शिष्यांनी बाजार पाहिला. आम्हाला दोन्ही मतांची गरज वाटते. मिस्त्रीने स्वतःकडे पाहताना अबू हनीफांचे शब्द मनात ठेवावेत की आपला हात अमानतदाराचा आहे. आणि मोहल्ल्याने, संघटनेने, कायद्याने मिस्त्रीकडे पाहताना शिष्यांची बाजू धरावी.

कायदा आजही आहेच. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता, त्याच्या जागी २०१९ चा आला. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही त्याच्या अर्थाने सेवाच. पण पुण्याचा माणूस उंब्रजमधल्या दोन हजारांसाठी आयोगाच्या पायऱ्या चढत नाही, हे मिस्त्रीलाही माहीत असते. नावलौकिकाचेही तसेच. परत न येणाऱ्या गिऱ्हाइकाकडून नाव होण्याची किंवा बिघडण्याची भीती फारशी नाही. मग उरते काय? बाहेरचे सगळे पहारे उठल्यावर मिस्त्रीने खरे का बोलावे?

ईमानवाल्याचे उत्तर सरळ आहे: पाहणारा पाहतो आहे. या उत्तरावर आमचा विश्वास आहे आणि तेच पहिले आहे. पण त्याच्या जोडीला हुन्नराच्या आतून येणारे दुसरे एक उत्तर आहे, आणि ते श्रद्धा नसलेल्यालाही पटावे. खोटे निदान सांगणाऱ्याला खऱ्या निदानाची गरज उरत नाही. जो मिस्त्री रिलेला कॉम्प्युटर म्हणून विकतो, त्याला रिले आणि कॉम्प्युटर यांतला फरक शोधत बसायचे कारण राहत नाही. दोन्हीचे पैसे एकच. वर्षभरात त्याच्या हातातला टेस्ट-लॅम्प गंजतो, दोन वर्षांत कान इंजिनचा आवाज ऐकेनासे होतात. गिऱ्हाईक फसले ते एकदा, मिस्त्री मात्र आपला हुन्नर रोज थोडा थोडा विकत असतो. बरकत जाणे म्हणतात ते कदाचित हेच असावे. पैसे येत राहतात, पण हातातली जाण जाते.

इथे एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. गेल्या काही वर्षांत आपल्या मिस्त्रीच्या प्रामाणिकपणावर एक जादा ओझे येऊन पडले आहे. २०२३ च्या सप्टेंबरात आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत जमावाने हल्ला केला, मशिदीत एका तरुणाचा जीव गेला. पुसेसावळी उंब्रजहून काही फार लांब नाही. कोणाकडून काय घ्यावे आणि घेऊ नये याची आवाहने तेव्हापासून आणि त्याआधीपासूनही अधूनमधून ऐकू येतात. अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे सांगतात, बाबा, नीट वाग, आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच आहेत. सल्ला प्रेमाचा आहे. पण त्यातून प्रामाणिकपणाचा अर्थ बदलतो. तो एका माणसाचा दुसऱ्या माणसाला द्यायचा हक्क न राहता साऱ्या समाजाच्या चालचलणुकीचा दाखला बनतो. असा दाखला कुणाकडूनही मागितला जाऊ नये. एका गॅरेजवाल्याने फसवले तर एका गॅरेजवाल्याने फसवले, एवढेच. आणि एकाने सचोटीने काम केले म्हणून त्याला या मातीत राहायचा परवाना मिळाला असेही नाही. तो त्याला आधीपासूनच आहे. आम्ही मिस्त्रीकडे सचोटी मागतो ती समोरच्या अडलेल्या वाटसरूसाठी, त्याच्या जातधर्माची चौकशी न करता आणि आपल्या नावाची फिकीर न करता. भीतीने पाळलेली सचोटी भीती सरली की सरते, आणि भीती वाढली की तिचे रागात रूपांतर होते.

आता एक शब्द गाडीतल्या माणसाविषयी. माप मारणाऱ्यांच्या नावानेच कुरआनात एक सूरह आहे. त्यात निंदा आहे ती स्वतः घेताना पुरेपूर माप घेणाऱ्याची आणि दुसऱ्याला देताना कमी देणाऱ्याची. ती फक्त दुकानदाराला लागू होते असे आपण समजतो. पण दवाखान्यात डॉक्टरने नुसते पाहून सांगितले तर पाचशे रुपये मुकाट्याने देणारा आणि मिस्त्रीने नुसते पाहून सांगितले तर 'हात तर लावला नाही, पैसे कसले' म्हणणारा माणूसही माप मारतोच. स्वतःच्या ज्ञानाची किंमत पुरी घ्यायची आणि काळ्या हातांच्या ज्ञानाची द्यायची नाही, हे तेच दुहेरी माप. मिस्त्रीला सचोटी शिकवणाऱ्याने आधी शोधण्याची मजुरी द्यायला शिकावे. रास्त मजुरी उघडपणे मिळाली तर चोरवाटेने जाणारे निम्मे तरी मिस्त्री सरळ वाटेला येतील, असे आम्हाला वाटते.

रिले हा शब्द विजेच्या आधी डाकेत वापरला जात होता. दमलेला घोडा सोडून ताज्या घोड्यावर स्वार व्हायच्या टप्प्यासाठी तो युरोपात वापरीत. पुढे तारायंत्रात दूरवरून क्षीण होऊन आलेला संदेश ताज्या विजेने पुढे ढकलणाऱ्या यंत्राला तेच नाव मिळाले. आपल्याकडे चौदाव्या शतकात इब्न बतूताने सुलतान मुहम्मद तुघलकाची डाक पाहून तिचे वर्णन केले. घोड्यांचे टप्पे होते आणि धावणारे हरकारेही होते, हातात घुंगरांची काठी घेतलेले. घुंगरांचा आवाज आला की पुढच्या टप्प्यावरचा माणूस उठून तयार राही. त्याला ना पत्र लिहिणारा ठाऊक, ना वाचणारा. त्याचा ताबा फक्त आपल्या टप्प्यापुरता. तेवढे अंतर त्याने थैली न उघडता, न भिजवता नेली की त्याचे काम झाले.

उंब्रजचा मिस्त्रीही असाच एका टप्प्याचा माणूस. गाडी कुठून आली, कुठे जाणार, तिच्यात कोण बसले आहे, हे त्याने विचारायचे कारण नाही. त्याच्या टप्प्यावर ती शाबूत आली की शाबूत पुढे गेली पाहिजे. यासाठी फार मोठ्या गोष्टी लागत नाहीत. बिलावर दोन ओळी वेगळ्या असाव्यात, पार्टचे इतके आणि शोधण्या-बसवण्याच्या मजुरीचे इतके. काम तात्पुरते असेल तर किती दिवसांचे, ते तिसऱ्या ओळीत लिहावे. आणि काढलेला जुना रिले कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. त्याला त्याचा काही उपयोग नसतो. पुण्याला पोचल्यावर तो कदाचित कचऱ्यात टाकील. पण ज्याला दाखवण्यासारखे काही नसते तोच जुना पार्ट ठेवून घेतो, एवढे गिऱ्हाइकालाही कळते.